माणसाचे मार्कर वानर-माकडांवर चालतात का? (रामटेक-पेंच, विष्ठेचे नमुने)

वानरवाट

मंडळी, एमएस्सीचा प्रकल्प ठरतोय. खर्च होण्याआधी चुका कळाव्यात म्हणून हा धागा.

रामटेकच्या गडावरची काळ्या तोंडाची वानरं आणि पेंचच्या बाजूची लाल तोंडाची माकडं, दोघांचीही ताजी विष्ठा गोळा करायची, डीएनए काढायचा आणि मायक्रोसॅटेलाइट (डीएनएची दोन-चार अक्षरं पुन्हा पुन्हा येतात त्या जागा, यांनाच एसटीआरही म्हणतात) बघायचे. जनावराला हात लावायचा नाही, रक्तही काढायचं नाही.

प्रश्न दोन आहेत.
१) एका टोळीत नमुने किती आणि त्यामागचे प्राणी किती, हे वेगळं काढता येईल का?
२) या दोन जातींत विविधता किती, आणि माणसाच्या तुलनेत ती जास्त की कमी?

विभागात माणसाची ओळख पटवायचा तयार संच पडून आहे: १५ एसटीआर आणि लिंग सांगणारं अमेलोजेनिन. मुदत अजून शिल्लक आहे. तोच वापरला तर नवे प्रायमर (डीएनएवर नेमक्या जागी बसणारे छोटे तुकडे) मागवायला नकोत. चालेल का?

पिपेटपंत

संच कपाटातच राहू द्या, ताई.

आधी प्रायमरचा हिशेब. माणूस आणि चिंपांझी यांच्यात एकेका अक्षराचा फरक सव्वा टक्क्याच्या आसपास आहे. म्हणजे २० अक्षरांच्या प्रायमरमागे सरासरी पाव चूक, चार प्रायमरमध्ये एखादी. लाल तोंडाच्या माकडाचा, म्हणजे ऱ्हीससचा जीनोम २००७ मध्ये आला, तो आपल्याशी साधारण ९३ टक्के जुळतो. तोच हिशेब लावला तर प्रत्येक प्रायमरमागे एकाहून जास्त चूक निघते. चूक प्रायमरच्या ५ प्राइम, म्हणजे सुरुवातीच्या टोकाला असेल तर पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवायची क्रिया) ती पोटात घालते. ३ प्राइम, म्हणजे पुढे वाढणाऱ्या टोकाच्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांत असेल तर एन्झाइम पुढे सरकतच नाही. हे सगळं सरासरीचं बोलणं झालं. एखाद्या जागेच्या आजूबाजूचा भाग टिकून असतो, एखाद्याचा नाही.

सुट्या प्रायमरला तापमान उतरवून बघता येतं. संचात १६ जोड्या एकाच नळीत, एकाच तापमानाला बांधलेल्या. त्यातल्या काही उमटतील, काही उमटणार नाहीत, आणि का उमटल्या नाहीत ते शोधायला हात घालायला जागा नाही.

वाईट काय, तर काही ठिकाणी एकच अ‍ॅलील (एका जागेच्या दोन प्रतींपैकी एकीचं रूप) उमटेल. एका अ‍ॅलीलवर प्रायमर बसतो, दुसऱ्यावर बसत नाही, आणि सॉफ्टवेअर तुम्हाला खुशाल होमोझायगस (दोन्ही प्रती सारख्या) लिहून देतं. यालाच नल अ‍ॅलील म्हणतात. रिकामी लेन परवडली, ती निदान खोटं बोलत नाही.

संचातली शिडीही (अ‍ॅलीलिक लॅडर) माणसाची. माकडाचा तुकडा '९' च्या खणात पडला म्हणून तिथे नऊ पुनरावृत्ती आहेत असं होत नाही. शेजारच्या भागात चार अक्षरं गळाली असतील आणि पुनरावृत्ती दहा असतील, तरी लांबी तीच भरते. माकडासाठी खण स्वतः पाडायचे, आणि प्रत्येक लोकसचे (जीनोममधल्या जागेचे, अनेक असले की लोकाय) दोन-चार अ‍ॅलील सँगर पद्धतीने अक्षर-अक्षर वाचून खात्री करायची.

अमेलोजेनिनचा तर मोह धरूच नका. त्याचा आधार एक्स गुणसूत्रावरची ६ अक्षरांची गळती, म्हणून १०६ आणि ११२ असे दोन तुकडे. माणसात आणि मोठ्या वानरांत (चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान) हे जमतं. त्यापलीकडच्या बऱ्याच जातींत या प्रायमरांनी नर-मादी वेगळे पडत नाहीत. आपल्याकडे काही पुरुषांच्या वायवर अमेलोजेनिनचा भागच नसतो आणि अहवालात ते स्त्री म्हणून येतात, तो घोटाळा निराळा. माकडांसाठी यूटीएक्स-यूटीवाय ही एक्स आणि वायवरच्या जनुकांची जोडी किंवा वायवरचं एसआरवाय जनुक घ्या. एसआरवाय घेतलं तर सोबत एक्सवरचा तुकडा हवाच. नाहीतर 'मादी आहे' आणि 'पीसीआर फसलं' यात फरक करता येणार नाही.

नळीतला_नारद

पंत, मग वापरायचं काय तेही सांगा नं जी. नाही नाही म्हणत अर्धा धागा गेला.

पिपेटपंत

सांगतो. बबून आणि मकाक यांच्यावर विष्ठेतूनसुद्धा चाललेले, मुळात माणसात सापडलेले, चार अक्षरी पुनरावृत्तीचे लोकाय: डी३एस१७६८, डी२एस१३२६, डी५एस१४५७, डी८एस११०६, डी१०एस६११, डी११एस२००२, डी१४एस३०६. लाल तोंडाच्या माकडांसाठी इथून सुरुवात करा. काळ्या तोंडाच्या वानरांवर यातले किती चालतात ते आठ-दहा नमुन्यांवर आधी तपासा. मकाक आणि लंगूर एकाच मोठ्या कुळातले असले तरी उपकुळं वेगळी आहेत. मकाकवर चाललं ते वानरावर चालेलच हे गृहीत धरू नका.

नावाचा उलगडा, नव्या वाचकांसाठी: डी म्हणजे डीएनए, ३ म्हणजे माणसाचं तिसरं गुणसूत्र, एस म्हणजे जीनोममध्ये एकच प्रत असलेली जागा, १७६८ हा निव्वळ अनुक्रमांक. माणसाचं गुणसूत्र, हा शब्द अधोरेखित करून ठेवा, पुढे कामी येईल.

दोन अक्षरी पुनरावृत्ती टाळा. मुख्य शिखरामागे सावलीसारखी जी शिखरं (स्टटर) येतात ती दोन अक्षरीत इतकी मोठी असतात की शेजारचा खरा अ‍ॅलील आणि सावली वेगळी करताना डोळे जातात. चार अक्षरीत सावली सहसा मुख्य शिखराच्या १५ टक्क्यांच्या आत राहते. अर्थात डीएनए कमी असला की हा नियमही ढिला पडतो.

गोरेवाडा_गस्त

प्रायमरआधी पिशवीचं बोला. यातले निम्मे प्रकल्प जंगलातच मरतात.

परवानगी आधी. पेंच संरक्षित क्षेत्र आहे, नुसती लेंडी उचलायलाही लेखी परवानगी लागते. गडावर गोळा करणार असाल तरी पत्र सोबत ठेवा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांचं कार्यालय नागपुरातच आहे, तेवढं आपलं नशीब. अर्जात 'प्राण्याला न पकडता, न हाताळता' हे शब्द स्पष्ट लिहा.

वेळ पहाटेची. टोळी झोपायच्या झाडावरून उतरते तेव्हा बहुतेक जण तिथेच मोकळे होतात. कोणत्या प्राण्याने टाकली ते दिसलं तर वय-लिंग लगेच टिपा. नंतर लिंगाची चाचणी खरी निघते की नाही, हे पडताळायला तेच कामी येतं. मे महिन्यात नागपूरचं ऊन पंचेचाळिशीला टेकतं, आठ-साडेआठनंतर उघड्यावर पडलेला नमुना उचलू नका. वरची पातळ थर, ज्यात आतड्याच्या पेशी असतात, तीच आधी उन्हात करपते. पावसाळ्यात उलटं होतं, तीच थर धुऊन जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा काळ.

उचलायचं बाहेरून. गोळा फोडून मधला भाग घेणं ही नेहमीची चूक, मध्ये पाला आणि जिवाणू. निर्जंतुक काडीने पृष्ठभाग खरवडा, साधारण ५ ग्रॅम, मोठ्या बोराएवढं. ५० मिलीच्या नळीत ३० मिली निर्जल इथेनॉलमध्ये २४ ते ३६ तास ठेवा. मग इथेनॉल ओतून टाका आणि घट्ट भाग सिलिकाच्या खड्यांवर, मध्ये टिपकागद घालून, दुसऱ्या नळीत हलवा. ही दोन टप्प्यांची पद्धत नुसत्या इथेनॉलपेक्षा किंवा नुसत्या सिलिकापेक्षा सरस. कारण सोपं आहे. इथेनॉल पेशीतलं पाणी झटपट ओढून एन्झाइमचं काम थांबवतं, आणि सिलिका नमुना पुढे कोरडा ठेवते. टप्पा उलटा केला तर बाहेर कवच वाळतं आणि आत ओल राहते, तिथे डीएनए तुटत राहतो.

इथेनॉल महाविद्यालयाच्या परवान्यावरचं, शुद्ध. दुकानातलं डिनेचर्ड स्पिरिट नको. सिलिका नारंगी-हिरव्या सूचकाची घ्या, निळ्या-गुलाबीत कोबाल्ट क्लोराइड असतं. रंग बदलला की खडे बदला.

मास्क आणि हातमोजे दोन कारणांनी. एक, माकडाच्या विष्ठेत आपल्याला लागू शकणारे परजीवी असतात. दुसरं कारण पिपेटपंत सांगतील, कारण ते त्यांच्या डोक्याला ताप आहे.

पिपेटपंत

सांगतोच.

वाघाच्या विष्ठेवर वाघाचे प्रायमर वापरले तर तुमच्या बोटाचा डीएनए सहसा उमटत नाही. इथे प्रायमर माणसाचेच आहेत. गोळा करणारा, नळी उघडणारा, शिंकणारा असा प्रत्येक जण माकडापेक्षा चांगला उमटणार, कारण प्रायमर त्याच्यावर शंभर टक्के बसतो. आणि विष्ठेत यजमानाचा डीएनए एकूणाच्या अगदी थोडा असतो, बाकी सगळे जिवाणू. अशा ठिकाणी माणसाचा एक पापुद्रा पडला की झालं.

म्हणून:
नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीबरोबर (समजा ११ नमुने) एक रिकामी नळी, सगळे टप्पे तिच्यावरही. प्रत्येक पीसीआर प्लेटमध्ये किमान एक रिकामा खड्डा. डीएनए काढायची खोली आणि पीसीआरनंतरची खोली वेगळी, आणि दिवसात एकदा दुसऱ्या खोलीत गेलात की परत पहिल्या खोलीत यायचं नाही.
नमुने हाताळणाऱ्या प्रत्येकाचा त्याच लोकायवरचा प्रोफाइल आधी काढून ठेवायचा. संशयास्पद अ‍ॅलील दिसला की जुळवून बघायचा. हे माणसाचे नमुने झाले, म्हणून संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि लेखी संमती घ्या, आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. प्रोफाइलवर नाव नको, सांकेतिक क्रमांक. 'आपल्याच मुलांचे तर आहेत' म्हणून हे गाळू नका. चार जणांच्या प्रोफाइलमध्ये अनपेक्षित नातं दिसलं तर काय करणार, हे आधी ठरवलेलं बरं.

वानरवाट

डीएनए किती निघाला हे नॅनोड्रॉपवर (एकूण डीएनए मोजायचं यंत्र) मोजलं तर पुरेल ना?

पिपेटपंत

नाही. नॅनोड्रॉप काय नि क्युबिट काय, जिवाणूंचाच डीएनए मोजणार. आकडा घसघशीत येईल आणि त्यातलं माकड नगण्य असेल. क्यूपीसीआरने (प्रती बनत असतानाच मोजणारी पीसीआर) केंद्रकातल्या एखाद्या एकप्रती जनुकाचा छोटा तुकडा मोजा. सी-मिक जनुकाचा ८१ अक्षरांचा तुकडा प्रायमेट्समध्ये यासाठी वापरतात, माणसापासून माकडापर्यंत चालतो.

का मोजायचं ते बघा. एका द्विगुणित पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए. तुमच्या पीसीआरमध्ये २० पिकोग्रॅम गेले तर ते तीन पेशींएवढे. तीन पेशींच्या तुकड्यांतून पिपेटने नेमका कोणता अ‍ॅलील उचलला ही लॉटरी. २०० पिकोग्रॅम असेल तर तीस पेशी, मग लॉटरी उरत नाही.

आकडेमोडे

त्या लॉटरीचा हिशेब इथेच मांडतो, लोक डोळे झाकून 'तीनदा करा' म्हणतात म्हणून.

हेटरोझायगस प्राणी आहे, अ‍ॅलील क आणि ख. एका पीसीआरमध्ये दोनपैकी एक गळण्याची शक्यता प धरा, दोन्ही गळायला सारखेच. मग 'फक्त क' दिसण्याची शक्यता प/२, 'फक्त ख' ची तेवढीच. न वेळा केलं आणि प्रत्येक वेळी तोच एक दिसला, म्हणजे फसवा होमोझायगस, याची शक्यता २ × (प/२)चा न-घात.

प = ०.३ असेल तर: एकदाच केलं तर ३० टक्के चूक, दोनदा ४.५ टक्के, तीनदा ०.७ टक्के. तीन पुरे.
पण डीएनए इतका कमी असेल की प्रत्येक वेळी एकच अ‍ॅलील येतो (प = १), तर तीनदा करूनही चूक २५ टक्के. सातदा केल्यावर १/६४, म्हणजे १.६ टक्के. 'होमोझायगस म्हणायला सात वेळा' हा जुना नियम या टोकाच्या स्थितीतून आलाय, उगाच नाही.

म्हणून आधी क्यूपीसीआर, मग नमुन्यागणिक किती वेळा ते ठरवा. भरपूर डीएनए असलेल्याला सात वेळा करणं म्हणजे पैशाचा चुराडा, आणि अगदी कमी असलेल्याला सात वेळा करणंही तेच. तो नमुना सोडून द्या. हेटरोझायगस लिहायला मात्र दोन्ही अ‍ॅलील स्वतंत्र पीसीआरमध्ये किमान दोनदा दिसले पाहिजेत, नाहीतर खोटा अ‍ॅलील किंवा नारदाचा डीएनए आत शिरतो.

नळीतला_नारद

माझा काहून?

आकडेमोडे

हातमोजे न घालता फोटो टाकला होता तुम्ही मागच्या धाग्यात.

आता ताईंचा पहिला प्रश्न. प्राणी मोजायला किती लोकाय? टोळीत सगळे एकमेकांचे नातलग, म्हणून सख्ख्या भावंडांचं सूत्र धरायचं. एका लोकसवर चार अ‍ॅलील, सगळे सारख्या प्रमाणात धरले तर दोन सख्खी भावंडं योगायोगाने सारखी दिसण्याची शक्यता ०.४० येते. पाच लोकाय: ०.४ चा पाचवा घात, ०.०१. आठ लोकाय: ०.०००७ च्या आत. आठ चांगले लोकाय पुरतात. पंधरा वाईट लोकाय घेतले तर चुका साचतात, आणि एकच प्राणी दोन प्राणी म्हणून मोजला जातो. एका लोकसवरच फरक असलेल्या जोड्या शेवटी हाताने तपासायच्याच, त्यातल्या बऱ्याच गळलेल्या अ‍ॅलीलच्या असतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, थोडा चहा घेऊन येतो.

पिपेटपंत

तोवर पीसीआरची कृती.

१० मायक्रोलिटरची क्रिया. हॉट-स्टार्ट (तापवल्यावरच जागं होणारं) एन्झाइमच घ्या. मॅग्नेशियम २ मिलीमोलरने सुरू करा, उमटलं नाही तर २.५. बीएसए (एक प्रथिन) ०.२ ते ०.४ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर. हे गाळू नका, कारण वानर पाला खाणारं जनावर आहे. विष्ठेतले टॅनिन आणि पित्तक्षार एन्झाइमला अडवतात, बीएसए ते स्वतःवर ओढून घेतं.
९५ अंशांना १५ मिनिटं. मग ९४ ला ३० सेकंद, जोडणी ३० सेकंद, ७२ ला ४५ सेकंद. जोडणी ५८ पासून दर चक्राला अर्धा अंश उतरवत ५० पर्यंत, मग ५० वर उरलेली चक्रं, एकूण ४०-४५. शेवटी ६० अंशांना ३० मिनिटं. हा शेवटचा टप्पा कमी केला तर काही तुकड्यांना टोकाला जादा 'ए' लागतो, काहींना नाही, आणि प्रत्येक शिखराला एका अक्षरावर जुळं शिखर येतं.

काहीच उमटलं नाही तर लगेच डीएनए नाही असं म्हणू नका. तोच नमुना ५ पट आणि १० पट पातळ करून लावा. पातळ केल्यावर उमटला तर दोष अडवणाऱ्या पदार्थांचा. पातळ केल्यावरही नाही, आणि चांगल्या रक्तनमुन्यावर तोच मास्टरमिक्स चालतो, तर मग डीएनए नाही.

पैसे वाचवायला एम१३ शेपटीची पद्धत आहे: पुढच्या प्रायमरला १८ अक्षरांची शेपटी, रंग फक्त एम१३ प्रायमरला. कोणते लोकाय चालतात ते चाचपायला उत्तम. शेपटीचा प्रायमर उलट्या प्रायमरच्या पाव प्रमाणात घाला, नाहीतर रंग नसलेलाच तुकडा जास्त तयार होतो. चाललेले आठ लोकाय ठरले की थेट रंग लावलेले प्रायमर मागवा. कमी डीएनएवर एम१३ डळमळतं. आणि दोन्ही पद्धतींचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका, १८ अक्षरांचा फरक असतो.

केशिका यंत्राची (तुकड्यांची लांबी मोजणारं) खोली थंड ठेवा. आतली भट्टी ६० अंशांवर असली तरी खोलीचं तापमान वर-खाली झालं की तुकड्यांची चाल सरकते. माणसाच्या टीएच०१ या लोकसमध्ये ९.३ आणि १० यांत एकाच अक्षराचा फरक आहे, तो अशा दिवशी पुसला जातो. उन्हाळ्यात एसी बंद पडला तर त्या दिवसाची प्लेट पुन्हा चालवा.

आकडेमोडे

हं. आता 'माणसापेक्षा जास्त की कमी'.

या पद्धतीने हे सांगताच येत नाही. प्रकल्पातून तो प्रश्न काढा.

हे लोकाय निवडले कसे गेले? माणसाच्या जीनोममध्ये शोधले, त्यातले लांब आणि माणसामाणसांत खूप बदलणारे ठेवले, बाकीचे टाकले. गाळून घेतलेले लोकाय माणसात लांब आणि चंचल निघणारच. लांब पुनरावृत्ती जास्त वेळा घसरते, आखूड कमी. तीच जागा माकडात बघितली तर ती सरासरीकडे परत येते: आखूड, मध्येच तुटलेली, कमी बदलणारी. मग तक्त्यात माणसाची विविधता जास्त दिसते. तो माकडाचा गुण नाही, चाळणीचा आहे. नव्वदच्या दशकात यावर चांगलाच वाद झाला होता. माणसाचे लोकाय चिंपांझीत आखूड निघतात, म्हणून माणसात मायक्रोसॅटेलाइट वाढीकडे झुकलेत असा एका बाजूचा दावा. दुसरी बाजू म्हणाली, उलट करून बघा, दुसऱ्या जातीत शोधलेले लोकाय माणसात लावा. प्रयोग दोन्ही दिशांनी केल्याशिवाय चाळणीचा दोष आणि खरा फरक वेगळा होत नाही.

आणि खरं चित्र काय, तर उलटं. सरळ जीनोम वाचून मोजलं तर माणसात दोन प्रतींमध्ये हजार अक्षरांमागे साधारण एक फरक. ऱ्हीससमध्ये याच्या अडीचपट. म्हणजे जी जात प्रत्यक्षात जास्त विविध आहे, ती तुमच्या तक्त्यात गरीब दिसू शकते. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून 'हा बारीक झालाय' म्हणण्यातला प्रकार.

एसएनपी चिपचं (एकेका अक्षराचे ठरावीक फरक वाचणारी पट्टी) तर याहून वाईट. माणसाच्या चिपवरच्या जागा माणसात बदलतात म्हणूनच निवडलेल्या. चिंपांझीला लावली तर बहुतेक जागी एकच अक्षर.

तुलना चालते ती कुठे? एकाच जातीतल्या दोन टोळ्यांत, त्याच लोकायवर: गडावरची वानरं विरुद्ध दुसऱ्या टेकडीवरची. चाळणी दोघांना सारखीच लागलेली असते.

वानरवाट

म्हणजे वानर विरुद्ध लाल माकड हेही नाही?

आकडेमोडे

ते माणसाशी तुलनेइतकं वाकडं नाही, दोघंही माणसापासून सारख्याच अंतरावर आहेत, अडीच कोटी वर्षांच्या आसपास. पण नल अ‍ॅलील किती हे दोघांत वेगळं असेल. 'तुलना' असा मथळा देऊ नका, दोन स्वतंत्र तक्ते द्या. हार्डी-वाइनबर्ग (हेटरोझायगस अपेक्षेइतके आहेत का) तपासताना सगळ्याच लोकायवर होमोझायगस जास्त आले तर टोळीची रचना किंवा गळती, एखाद्याच लोकसवर आले तर तो नल अ‍ॅलील. तो लोकस टाका.

प्रात्यक्षिक_वही

'मार्कर जातीबाहेर नेला की काय होतं' हे पदवीच्या मुलांना दाखवायला पीटीसी या रसायनासारखं उदाहरण नाही.

पीटीसी कागद जिभेवर ठेवला की काहींना कडू लागतो, काहींना काहीच नाही. १९३१ मध्ये आर्थर फॉक्सच्या प्रयोगशाळेत हे लक्षात आलं. १९३९ मध्ये फिशर, फोर्ड आणि हक्सली यांनी चिंपांझींना पीटीसी चाखवलं, तिथेही दोन गट निघाले. अनुमान सरळ होतं: हा फरक माणूस-चिंपांझी वेगळे होण्याआधीपासून चालत आलाय.

जनुक टीएएस२आर३८. माणसात चाखणारा प्रकार पीएव्ही, न चाखणारा एव्हीआय: ४९, २६२ आणि २९६ या तीन अमिनो आम्लांचा फरक. चिंपांझीचं जनुक वाचलं तेव्हा न चाखणाऱ्यांत बिघाड भलत्याच जागी सापडला, सुरुवातीच्या एटीजीचंच एजीजी झालेलं. गुण तोच, कारण वेगळं, दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडलेलं.

प्रयोगशाळेत करतात ती चाचणी १४५ व्या अक्षराची: २२१ अक्षरांचा तुकडा, एचएई-३ या कापणाऱ्या एन्झाइमने कापला तर चाखणाऱ्या अ‍ॅलीलचे १७७ आणि ४४, न चाखणाऱ्याचा अख्खा २२१. गंमत म्हणजे कापण्याची जागा निसर्गाने दिलेली नाही. प्रायमरमध्ये मुद्दाम एक अक्षर चुकवून ती तयार केलीय. प्रायमर 'दुरुस्त' करून मागवला की कापच पडत नाही. चिंपांझीला हीच चाचणी लावली तर न चाखणारा सुटून जाईल, ती बघतेय भलतीकडे.

जेलवरच काम करायचं असेल तर मुलांसाठी पीव्ही९२ या जागेची अलू (जीनोममध्ये ठिकठिकाणी शिरलेला डीएनएचा तुकडा) चाचणी: अलू असेल तर ९४१, नसेल तर ६४१. 'नसणं' ही मूळ स्थिती, चिंपांझीत ती जागा रिकामी, त्यामुळे दिशा ठरलेली आहे. हेटरोझायगसमध्ये आखूड पट्टा गडद येतो आणि वरचा पुसट. ७२ वरचा वेळ २ मिनिटं ठेवा, नाहीतर पुसट पट्टा हरवून मुलं होमोझायगस लिहितात.

गोरेवाडा_गस्त

ज्यांच्याकडे जातीची शंका आहे त्यांच्यासाठी: तापी-गोदावरीच्या उत्तरेकडच्या वानरांच्या शेपटीची कमान पुढे, डोक्याकडे येते, दक्षिणेकडच्यांची मागे. गडावरचं वानर चालताना बघितलं की कळतं. शेपटीचा फोटो नमुन्याच्या क्रमांकासोबत ठेवा.

सायटोक्रोम-बी हे मायटोकाँड्रियातलं जनुक वाचून जात ठरवणार असाल तर जपून. मायटोकाँड्रियाच्या डीएनएचे जुने तुकडे केंद्रकात जाऊन बसलेले असतात, न्यूम्ट म्हणतात, आणि लंगूरगटात त्यांनी लोकांना फसवलंय. क्रम वाचल्यावर आधी प्रथिनात उलगडा. मध्येच थांबा-संकेत आला किंवा एकाच जागी दोन शिखरं दिसली की तो न्यूम्ट समजा. लांब तुकडा वाढवणं हा नेहमीचा उपाय, पण विष्ठेतला डीएनए तुटका असतो. तिथे एकमेकांवर चढणारे दोन तुकडे घ्या आणि चढलेला भाग जुळतो का ते बघा.

वानरवाट

सगळ्यांचे आभार. बदललेला बेत: माणसाशी तुलना बाद. संच बाद. आधी दोन्ही जातींचे दहा-दहा नमुने, दहा-बारा लोकाय एम१३ ने चाचपायचे, आठ निवडायचे. लिंगासाठी यूटीएक्स-यूटीवाय. यादीतले सात कमी पडले तर डी७एस२२०४ आणि डी२१एस११ घ्यायचा विचार आहे, वेगवेगळी गुणसूत्रं म्हणून.

आकडेमोडे

म्हणूनच पंतांनी 'माणसाचं' अधोरेखित करायला सांगितलं होतं. माणसाची ७ आणि २१ ही दोन गुणसूत्रं मकाकमध्ये एकच आहेत, त्यांचं क्रमांक ३. तसंच १४ आणि १५ मिळून त्यांचं ७, २० आणि २२ मिळून १०. उलट माणसाचं २ त्यांच्यात दोन तुकड्यांत आहे, १२ आणि १३, कारण आपलं २ हेच दोन जुळून झालेलं. ताळा करून बघा: २२ मधून ३ गेले, १ वाढला, २० उरले. एक्स-वाय धरून ४२, ऱ्हीससची संख्या तीच. वानराची ४४ आहे, तिथे हा नकाशा जसाच्या तसा लावू नका.

डी७ आणि डी२१ मकाकसाठी एकत्र घेतले तर ते जोडीने वारशाने जाऊ शकतात, आणि तुमचा ०.४ चा गुणाकार खोटा ठरतो. दोघांपैकी एकच घ्या. डी१४एस३०६ यादीत आहे, म्हणून १५ व्या गुणसूत्रावरचा लोकस शोधायला जाऊ नका.

पिपेटपंत

आणि प्रायमर मागवताना उलट्या प्रायमरच्या ५ प्राइम टोकाला जीटीटीटीसीटीटीसारखी 'पिगटेल' लावून घ्या. नेमका क्रम जी, टी, टी, टी, सी, टी, टी. जादा 'ए' चा त्रास तिथेच निम्मा मिटतो, मागाहून लावता येत नाही.